रवा की खा

स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या लावायची टूम माझीच. घरातल्या वस्तूंवर नावं चिकटवली की मूल जाता-येता अक्षरं बघतं, असं कुठेतरी वाचलं होतं. साखर, तूरडाळ, पोहे, जिरं, रवा, सगळ्या स्टीलच्या डब्यांवर मी मार्करनं नावं लिहून डकवली. चार दिवसांनी दुपारी बघते तर लेक ओट्याखाली फतकल मारून बसलेली. मांडीत उघडा डबा. ओठांभोवती, फ्रॉकवर, फरशीवर कच्चा रवा. हे काय, म्हटलं तर तोंडातला बकाणा सावरत म्हणाली, “इथे लिहिलंय ना, खा.”

चिठ्ठी बघितली. घाईत लिहिताना माझा ‘र’ आणि ‘वा’ एकमेकांना असे काही बिलगले होते, की तो ‘खा’च होता. बाहेर झोपाळ्यावर सासूबाई पदरात तोंड लपवून हसत होत्या. मला काही हसू येईना. अठरा वर्षं मी मुद्रितशोधनाचं काम करते. ‘खाना’ आणि ‘रवाना’चा घोटाळा आमच्या धंद्यातला जुना विनोद. छापील ‘ख’ची शेपूट वळवून ‘व’च्या पोटाला जोडतात ती याचसाठी, हे मी नव्या पोरांना मोठ्या ऐटीत सांगितलेलं. आणि माझ्याच स्वयंपाकघरात माझ्याच अक्षराचं प्रूफ नापास.

आम्ही सांगलीत राहतो. नवरा साखर कारखान्यात केमिस्ट. गळीत हंगाम सुरू झाला की घरात पाहुण्यासारखा. मी घरीच बसून प्रूफं वाचते, पुण्या-कोल्हापुरातल्या दोन-तीन प्रकाशकांची आणि पावसाळा संपता संपता दिवाळी अंकांची. २०२०च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा लेक ज्युनियर केजीत होती, इंग्रजी माध्यमात. जूनपासून मोबाइलवर वर्ग भरायला लागला. पाच वर्षांचं पोर स्क्रीनवरच्या चौकोनांत स्वतःचा चौकोन शोधायचं, सापडला की त्याच्याकडेच बघत बसायचं. बाई तरी काय करणार? पुढेपुढे सकाळी मोबाइल हातात घेतला की हिच्या पोटात दुखायला लागे. दिवाळीनंतर आम्ही नाव काढलं. वर्षाचा प्रश्न आहे, घरी शिकवू आणि मराठीतून शिकवू, असं ठरलं. त्या वर्षाची पुढे तीन वर्षं झाली.

शिकवायचं कोणी, हा प्रश्न मला पडलाच नव्हता. मी दिवसभर मराठी अक्षरांत बुडालेली असते. ऱ्हस्व-दीर्घ झोपेतही सांगेन. शिवाय घरात सासूबाई, जत तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या, त्यातली बहुतेक वर्षं पहिलीवर. इतकी तयारी असलेलं घर गल्लीत दुसरं नव्हतं. असं मला वाटत होतं.

सासूबाईंची पाटी दगडी, लाकडी चौकटीची. २०१९च्या महापुरात आमच्या तळमजल्यात पाणी शिरलं तेव्हा माझी चार कपाटं पुस्तकं गेली. शब्दकोशांचा अक्षरशः लगदा झाला, तो फावड्यानं काढला. पाटी मात्र चिखलातून निघाली, धुतली, पुसली, झालं. त्याच पाटीवर त्यांनी नातीला ग, म, भ, न काढून दिले. वळणं सारखी म्हणून ही अक्षरं आधी. तीन अक्षरं आली की लगेच मन, नग, गमन, मगन असे शब्द करता येतात. अ-आ-इ-ई पासून निघालेलं मूल शब्दापर्यंत पोचायला दिवाळी उजाडते, असं त्यांचं म्हणणं.

अक्षरं भराभर आली. शब्द येईना. पाटीवर ‘गवत’ लिहिलं की ती बोट ठेवून म्हणायची, “गऽ… वऽ… तऽ…” आणि गप्प. तिन्ही अक्षरं बरोबर. काय झालं मग? “गऽ वऽ तऽ.” मी म्हणायची, अगं जोड ना. ती आणखी मोठ्यांदा म्हणायची, “गऽऽ! वऽऽ! तऽऽ!” जणू मला ऐकू येत नव्हतं. आठवडाभर हेच. मला तेव्हा पहिल्यांदा उमगलं की आपण ‘ग’ म्हणून जे शिकवतो, ते ‘गवत’मध्ये तसंच्या तसं नसतंच. शेवटच्या ‘त’मधला ‘अ’ तोंडात येता येता विरून जातो. ‘चमचा’मध्ये मधल्या ‘म’चा पाय मोडतो, पण लिहिताना तो धडधाकट उभा. आम्ही मोठे हे सगळं न कळता गिळतो. मूल बिचारं प्रामाणिकपणे जेवढं लिहिलंय तेवढं म्हणतं.

सासूबाईंनी तिला पाटीसकट अंगणात नेलं. फरशीवर खडूनं तीन चौकोन आखले, एकेकात एकेक अक्षर. उडी मारत म्हण. आधी हळू, मग जोरात, मग पळत. चौथ्या फेरीला तिसऱ्या चौकोनात ती थबकली आणि खाली वाकून बघत म्हणाली, “अय्या, हे तर गवत!” त्या दिवशी तिनं गवत, बदक, नगर, सगळं पळून वाचलं. घरात सोफ्यावर बसवून पुस्तक दिलं की पाय हलवत वाचायची. बरेच महिने पाय हलल्याशिवाय शब्द निघत नव्हता.

इथवर सासूबाईंचं. पुढे मी घुसले.

वेलांटीनं सुरुवात झाली. ‘दिवा’ हा शब्द तिनं वाचला “इदवा”. मी हातातली पेन्सिल टेबलावर टक् केली. परत. “इ… दवा.” टक्. आता विचार केला तर तिचं काय चुकलं होतं? डावीकडून वाच, असं आम्हीच शिकवलेलं. डावीकडून पहिली दिसते ती वेलांटी. टाइपरायटरच्या वळणावर बेतलेल्या जुन्या कळफलकावर आम्हीही आधी वेलांटी मारायचो आणि मग अक्षर. युनिकोडमध्ये आधी ‘द’, मग वेलांटी. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणला की हमखास वेलांट्या भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात आणि माझं निम्मं काम त्या हुसकण्यात जातं. म्हणजे कॉम्प्युटरची चूक मी पोटासाठी निमूट दुरुस्त करत होते. तीच पोरीनं केली की पेन्सिल टक्.

रफारानं तर कहर केला. ‘गर्दी’ला ती “गदीर” म्हणायची, ‘सर्प’ला “सपर”. र दिसतो शेवटी, डोक्यावर, आणि म्हणायचा असतो आधी. तो ‘चक्र’मध्ये पायात येतो, ‘ट्रक’मध्ये खाली छत्रीसारखा पसरतो, ‘कुऱ्हाड’मध्ये आडवा होतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या, हे समजावताना मी रंगात येऊन आचार्य आणि आचारी यांच्यापर्यंत गेले. साडेसहा वर्षांच्या मुलीला! ती जांभया देत होती आणि मी व्याख्यान.

माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ मी मुद्दाम मागवलं होतं. तिनं मुखपृष्ठावर बोट ठेवून वाचलं, “राधाचम घर.” ‘आंबा’मधलं टिंब ‘म’सारखं वाजतं हे तिनं नीट लक्षात ठेवलेलं. १९६२ साली साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले, आणि बोलीतल्या ‘चं’वर ते पुन्हा येऊन बसले. हे मला माहीत; तिला कुठून माहीत असणार? टक्.

एके दिवशी मधल्या खोलीतून सासूबाई माझं हे चाललेलं बघत होत्या. लेक एका बाजूला, मी समोर. तिनं एक शब्द म्हटला आणि वर माझ्याकडे पाहिलं. पुढचा म्हटला, पुन्हा पाहिलं. पुस्तकाकडे तिचं लक्ष जेमतेम अर्धं. मी पेन्सिल उचलली नुसती, तर तिनं म्हटलेला शब्द घाईघाईनं बदलला, आणि तो पहिल्यांदा बरोबर होता. ती माझा हात वाचत होती. सासूबाई तेव्हा काही बोलल्या नाहीत. रात्री भांडी आवरताना म्हणाल्या, “अगं, पोरगी वाचतीय की तुला प्रूफं देतीय?”

मला राग आला. खरं होतं म्हणून जास्तच.

दुसऱ्या दिवसापासून मी पेन्सिल ठेवून दिली, पण उशीर झाला होता. तिनं वाचणंच सोडलं. पुस्तक उघडलं की तहान लागायची, शू लागायची, मांजर दिसायचं. “मला येत नाही वाचायला,” हे वाक्य ती परक्या माणसांसमोरसुद्धा सांगायला लागली, अगदी सहज, आमच्याकडे फ्रिज नाही म्हणावं तसं. तेच जास्त लागलं. दोन महिने गेले असे.

त्यातच शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण आलं. दोन शिक्षिका दारात, हातात तक्ता. शिक्षणहक्काच्या कायद्यानं सहा ते चौदा वर्षांचं प्रत्येक मूल शाळेत हवं. घरी शिकवणाऱ्यांचं काय करायचं, याचा त्या तक्त्यात रकाना नव्हता. पुढे मुक्त विद्यालयाची परीक्षा, दहावीला १७ नंबरचा फॉर्म, असं मी सांगत राहिले. त्या बिचाऱ्या उन्हातून आलेल्या. त्यांनी ‘शाळाबाह्य’पुढे खूण केली. सासूबाईंनी त्यांना आत बोलावून चहा दिला. स्वतः चौतीस वर्षं वस्त्यांवर, ऊसतोड मजुरांच्या खोपटांत फिरून हीच यादी त्यांनी केलेली. शिक्षिका गेल्यावर कप विसळताना म्हणाल्या, “शेवटी आपल्या घरात एक निघालंच.” हसून म्हणाल्या, तरी ते हसणं पुरतं नव्हतं. त्यांना ही घरची शाळा मनातून पसंत नव्हती, आजही नाही. मूल चार पोरांत घोळात वाचायला शिकतं, एकाच्या चुकीवर दुसरं हसतं, तिसरं सांगतं, बाईंचं लक्ष नसतं तेव्हाच खरं वाचन होतं, असं त्या म्हणतात. घरी लक्षच लक्ष. या एका बाबतीत माझ्याकडे उत्तर नाही.

धीर मिळाला तो कामातूनच. शिक्षणावरच्या एका लेखाचं प्रूफ आलं होतं. त्यात पालघर जिल्ह्यातला वाडा तालुका आणि कर्नाटकातलं यादगीर इथे मराठी-कन्नड शिकणाऱ्या मुलांचा काही वर्षं मागोवा घेऊन २०१७ साली निघालेल्या अहवालाचा उल्लेख होता. तिसरीपर्यंत पोचलेल्या कितीतरी मुलांची काना-मात्रा आणि जोडाक्षरांवर गाडी अडत होती. सोनाली नाग यांच्या कन्नडमधल्या अभ्यासाचाही त्यात उल्लेख होता. अक्षरांवर पुरता हात बसायला मुलांना चौथी-पाचवी उजाडते, असं त्यात दिसलेलं. मी प्रूफ बाजूला ठेवून हिशेब केला. चौतीस व्यंजनं गुणिले बारा, ४०८. शासनानं २००९मध्ये वर्णमालेत ॲ आणि ऑ घेतल्यापासून चौदाखडी धरली तर ४७६. वर जोडाक्षरं, ती तर मोजायचीच सोय नाही. इंग्रजीत मुळाक्षरं सव्वीस, त्यांचे उच्चार मात्र लहरी. आमचे उच्चार सरळ, पण दुकानात माल प्रचंड. आणि मी पोरीला वर्षाच्या आत गिऱ्हाईक हाताळायला उभं केलेलं.

उच्चार सरळ म्हटलं खरं, तेही सगळं खरं नाही. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला ‘च’ एकच दिसतो, वाजतो वेगळा. ‘चिंच’ या एवढ्याशा शब्दात तर दोन्ही ‘च’ शेजारी बसलेत. कागद कुठलीच खूण देत नाही. सासूबाई सांगतात, जतच्या सीमेवरच्या गावांत घरी कन्नड बोलणारी पोरं ‘चमचा’ अगदी धडधडीत वाचायची, दोन्ही ‘च’ चंद्रातले, आणि चेहऱ्यावर काहीच उमटायचं नाही. आमच्या लेकीनंही पहिल्यांदा तसाच वाचला. मग थांबली, स्वतःशीच पुटपुटली, आणि एकदम, “चमचा गं! चमच्यातला चमचा!” तो शब्द तिच्या कानात आधीपासून होता म्हणून डोळ्याला सापडला. त्या दिवसापासून मी शिकवायचा वेळ निम्म्यावर आणला आणि वाचून दाखवायचा वेळ दुप्पट केला. बालभारतीच्या ‘किशोर’चे जुने अंक, प्रथम बुक्सची पातळ पुस्तकं, वाण्याच्या पुड्या, कॅलेंडरची मागची बाजू. मी वाचायची, ती ऐकायची. तिला वाच म्हणायचं नाही, ही अट सासूबाईंनी मला घातली होती.

नातेवाइकांना कोण अट घालणार? मिरजेच्या लग्नात एका काकांनी तिच्या हातात पत्रिका दिली. “घरी शिकतेस म्हणे, वाच बघू.” आजूबाजूला सात-आठ बायका. ‘आमचे येथे’ तिनं म्हटलं, ‘श्री’ गणपतीच्या फोटोमुळे ओळखीचा, तो म्हटला, आणि ‘कृपेकरून’पाशी गाडं रुतलं. मी मान फिरवून मोगऱ्याचे गजरे बघत राहिले; तिनं माझ्याकडे पाहिलं असतं तर माझ्या तोंडातून ‘कृ’ निघाला असता. तिनं खालची ओळ गाठली, ‘चि. सौ. कां.’ हे “चिसौका” असं म्हणून टाकलं आणि पत्रिका परत करत विचारलं, “चिसौका म्हणजे कोण? नवरी का?” काका निरुत्तर. चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी त्यांनाही पुरतं सांगता येईना.

सप्टेंबर उजाडला आणि दिवाळी अंकांची प्रूफं येऊन पडली. या दोन महिन्यांत मी माणसांत नसते. रोज शंभर-सव्वाशे पानं, शेवटच्या आठवड्यात रात्री दोन-दोन वाजेपर्यंत. सासूबाई नणंदेकडे गेलेल्या, नवऱ्याच्या कारखान्यात हंगामाची तयारी. घरची शाळा बंद पडली हे सरळच सांगते. सकाळी उठून मी तिला दूध द्यायची, पुस्तकांचा गठ्ठा ठेवायची आणि माझ्या टेबलावर जाऊन बसायची. मला अपराधी वाटायचं. घरी शिकवणाऱ्या आईचं काम आणि शिकवणं एकाच टेबलावर चालतं, तेव्हा दोन्हीतलं एक रोज खाली पडतं. बहुतेक वेळा शिकवणंच. प्रकाशकाचा फोन येतो, लेकीचा येत नाही.

त्या दिवसांत ती माझ्या टेबलाखाली येऊन बसायची, पाय पसरून. मी वर मुद्रितं वाचते, ती खाली चित्रं बघते, अशी माझी समजूत. कधीमधी खालून प्रश्न यायचा. “आई, या ‘घ’चं डोकं फुटलंय, म्हणजे तो ‘ध’ ना?” हो, म्हणायचे न बघता. “‘ष’ पोटफोड्या?” हो. एकदा कुजबुजत काही म्हणत होती, मी कान दिला तर “कु… ऱ्हा… कुऱ्हाड” असं ऐकू आलं. हात पेन्सिलीकडे गेला नाही, कारण पेन्सिल हातातच होती, एका कवीच्या अनुस्वारावर. मी तशीच बसून राहिले.

शेवटच्या अंकाची फायनल गेली त्या दुपारी मी टेबलाखाली वाकले. ती ‘किशोर’चा एक फाटका अंक मांडीवर घेऊन बसलेली. ओठ हलत नव्हते. पायही हलत नव्हते. डोळे तेवढे डावीकडून उजवीकडे जात होते, ओळीच्या शेवटी झटकन मागे येत होते. काय वाचतेयस, मी विचारलं. मनातल्या मनात वाचलेलं तपासायला माझ्याकडे काही साधन नव्हतं. ती वर न बघता म्हणाली, “थांब गं.”

पान उलटलं. अर्ध्या पानावर येऊन ती खुदकन हसली, हात तोंडावर नेऊन, आजीसारखी. रात्री ती झोपल्यावर मी ते पान काढून वाचलं. दोनदा वाचलं. त्यावर हसण्यासारखं काहीच नव्हतं.